चिखलाचें चाक आणि हिमाचें चाक

मोटारीच्या टायरच्या कडेवर जीं अक्षरें उमटवलेलीं असतात त्यांत कित्येकदां ‘एम’ आणि ‘एस’ हीं दोन इंग्रजी अक्षरें अधिकाच्या चिन्हानें जोडलेलीं आढळतात. पहिलें अक्षर चिखलाचें, दुसरें हिमाचें. जो टायर चिखलांतून निघतो तो बर्फांतूनहि निघेल, असा या जोडणीचा सरळ अर्थ कोणीहि करील; आणि तो बऱ्याच अंशीं चुकीचा आहे. ही समजूत कशी जन्मली, कोठें फसली, आणि चिखल व हिम या दोन शत्रूंशीं चाकानें निरनिराळ्या काळीं कसा झगडा केला याचा इतिहास लहान नाहीं. त्यांतील चिखलाचें प्रकरण समजून घ्यावयाचें तर मराठवाड्याहून चांगली शाळा सांपडणें कठीण.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागांत, पैनगंगेच्या अलीकडच्या मुलखांत, हिमायतनगर हें तालुक्याचें गांव आहे. त्याचें जुनें नांव वाढोणा. तेथील परमेश्वराच्या देवळामुळें तें नांव अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांतील उमरखेड, पूर्वेकडे किनवटचें रान. येथें हिम कोणीं पाहिलेलें नाहीं. परंतु चिखल म्हणजे काय, हें येथल्या पोरालाहि शिकवावें लागत नाहीं. दख्खनच्या पठारावर कोट्यवधि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर पसरले, त्यांचा काळा खडक झिजून जी माती झाली ती ही कापसाची काळी जमीन. भूगोलाच्या पुस्तकांत तिला ‘रेगूर’ म्हणतात. तो शब्द मूळचा तेलुगु. या मातीचे कण अत्यंत बारीक, पापुद्र्यासारखे असतात, आणि पापुद्र्यांच्या मध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते. उन्हाळ्यांत तीच माती आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरी पडल्यावर ती अर्धवट ओली असते, आणि तिची खरी खोड तेव्हांच दिसते. पूर्ण भिजलेली माती निदान घसरते तरी. अर्धी भिजलेली माती चाकाला धरते, थरावर थर चढवते, आणि थोड्याच अंतरांत चाकाचे आरे दिसेनासे होतात. गाडीवानाला खालीं उतरून काठीनें तो गोळा खरवडून काढावा लागतो. पुन्हां चार पावलें गेलीं कीं तेंच.

अशा मुलखांत चाक टिकलें कसें, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें एक उत्तर असें कीं फार काळ तें टिकलेंच नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनमधील लांबचा व्यापार बहुतेक बैलांच्या पाठीवरून चाले. लमाणांचे तांडे गोण्या लादून धान्य, मीठ आणि कापूस नेत. वऱ्हाडांतला कापूस अमरावतीहून थेट गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत असाच बैलांच्या पाठीवरून जाई, आणि वाटेंत पावसानें गांठलें तर तांडा काळ्या मातींत अडकून पडे, कापूस भिजून फुकट जाई. गाड्या होत्या, पण त्या शेतापुरत्या. त्यांचीं चाकें कित्येक ठिकाणीं अखंड लांकडाचीं, आणि कांहीं ठिकाणीं तर चक्क दगडाचीं असत. दगडाचें चाक ही थट्टा नव्हे. मुंबई इलाख्याच्या सरकारी गॅझेटियरांत त्याची नोंद आहे. सन १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखालीं सुधारलेल्या गाड्या बनूं लागल्या, तेव्हांपासून आऱ्यांचें, हलकें, लोखंडी धांव चढवलेलें चाक दख्खनमध्यें झपाट्यानें पसरलें.

लष्कराची कथा याहून वेगळी नाहीं. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यापूर्वीं परत येत, यामागें धर्म होता तसा भूगोलहि होता. ज्यानें हा भूगोल मानला नाहीं त्याचें काय झालें तें औरंगजेबाच्या उदाहरणावरून दिसतें. १७०२ च्या जूनमध्यें विशाळगड ताब्यांत आल्यावर बादशहाची छावणी भर पावसांत पन्हाळ्याकडे निघाली. अंतर सुमारें ३० मैलांचें. तें कापावयास ३८ दिवस लागले. तेथली माती काळी नव्हे, सह्याद्रीच्या घाटमाथ्याची. पण ओढे भरलेले, उंट आणि बैल मेलेले, आणि दिवसाला एक मैलहि पुरा नाहीं. ज्या फौजेपुढें किल्ले पडत होते ती फौज चिखलापुढें थांबली. या प्रसंगावर बखरकारांनीं आणि इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु तोफगाड्यांच्या चाकांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

आतां त्या लोखंडी धांवेचें थोडें वर्णन केलें पाहिजे, कारण शहरांतल्या पुष्कळ घरांतून तो शब्दहि नाहींसा होत चालला आहे. चाकाच्या मध्यभागीं तुंबा, तुंब्यांतून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर लांकडाचे वक्र पुठ्ठे, आणि या साऱ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडाची पट्टी ती धांव. लोहार धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करी. मग गोंवऱ्यांच्या जाळांत ती लाल करून, प्रसरण पावली कीं चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवी, आणि लगेच पाणी ओती. थंड होतांना ती आकसे आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना अशी घट्ट पकडे कीं खिळ्याची गरज उरत नसे. रबरी टायरला मराठींत पुढें वेगळें नांव पडलें नाहीं हें एका अर्थानें खेदाचें आहे. ‘रबरी धांव’ हा शब्द शोभला असता.

ही लोखंडी धांव गुळगुळीत होती, आणि तिला गुळगुळीतच राहणें परवडत होतें. येथेंच बैलगाडी आणि मोटार यांच्यांतला मुख्य भेद आहे. गाडीचें चाक स्वतः कांहीं ओढीत नाहीं. तें फक्त फिरतें. जमिनीला पकडून पुढें जोर लावण्याचें काम बैलाच्या खुराचें. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. चिखलांत दाबला कीं त्याचीं दोन्हीं नखें फांकतात आणि उचलतांना मिटतात, त्यामुळें तो रुतला तरी सहज सुटतो. घोड्याच्या अखंड टापेला ही सोय नाहीं. मोटारींत मात्र जें चाक फिरतें त्यालाच जमीन पकडावी लागते. खुराचें काम चाकावर पडलें, आणि त्यामुळें चाकाला खुरासारखें रूप घ्यावें लागलें.

रबराचा इतिहास सर्वांस थोडाफार ठाऊक आहे. गंधकासह तापवलें असतां रबर टिकाऊ होतें हें चार्ल्स गुडइयरला १८३९ त आढळलें. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरानें १८४५ त हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें, पण त्या वेळीं तें चाललें नाहीं. पुढें त्यानेंच जाड भरीव रबराचीं चाकें लावलेलें वाफेचें यंत्र केलें, आणि अशीं यंत्रें १८७० नंतरच्या दशकांत आर. ई. बी. क्रॉम्प्टन या इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांत, पंजाबच्या रस्त्यांवर, सरकारी ओझीं ओढण्याकरितां चालवून पाहिलीं. रबरी चाकानें ओझें ओढण्याचा हा प्रयोग आपल्याकडे मोटारीच्या पुष्कळ आधीं झाला, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें. जॉन बॉयड डनलॉपनें बेलफास्ट येथें मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला तो १८८८ त. पहिले टायर बैलगाडीच्या धांवेसारखे गुळगुळीत होते. ओल्या रस्त्यावर मोटारी घसरूं लागल्या तेव्हां विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांवर खाचा आणि नक्षी आली.

पावसाळ्यांत खेड्यांत शिरणाऱ्या गाड्यांना नक्षीनें भागेना. शेतावरील ट्रॅक्टरांचीं चाकें आरंभीं लोखंडी, दांतेरी होतीं. अमेरिकेंत १९३२ च्या सुमारास त्यांना हवेचे टायर बसूं लागले. त्यांवरील रबराचे जाड, तिरपे पट्टे मराठवाड्यांतल्या कोणत्याहि शेतांत आज पाहावयास मिळतात. चिखलाच्या टायरचें तत्त्व या पट्ट्यांत आहे. पट्टे उंच आणि मधल्या खाचा रुंद ठेवलेल्या असतात. चाक फिरतांच पट्टा मातींत घुसून तिला मागें ढकलतो, आणि मधल्या खाचांत शिरलेला चिखल फिरण्याच्या वेगानें बाहेर फेंकला जातो. खाच रिकामी झाली तर पुढच्या फेऱ्याला तिला पुन्हां माती धरतां येते. ती भरूनच राहिली तर टायर गुळगुळीत झाला आणि गाडी जागच्या जागीं फिरूं लागली. हिमायतनगरच्या शिवारांत मृगाच्या आरंभीं हेंच होतें: माती इतकी चिकट कीं रुंद खाचाहि गच्च भरतात. म्हणून अनुभवी ट्रॅक्टरवाला वाफसा येईपर्यंत शेतांत पाऊल घालीत नाहीं. यंत्राच्या पुस्तकांत वाफशाला शब्द नाहीं, पण टायरच्या कामगिरीवर त्याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाहि होत नाहीं.

बैलगाडीलाहि रबर आलें. डनलॉप कंपनीनें १९३६ त बंगालमध्यें सहागंज येथें कारखाना काढला. त्याच सुमारास जनावरांनीं ओढावयाच्या गाड्यांसाठीं हवेचे टायर निघाले. पक्क्या रस्त्यांचे इंजिनियर या टायरांवर खूष होते, कारण अरुंद लोखंडी धांव खडीच्या रस्त्याला सुरीसारखी कापीत जाई. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ त नेमलेल्या समितीनें देशांतील रस्त्यांचा विचार केला, आणि १९४३ त नागपूर येथें मुख्य इंजिनियरांची परिषद भरून वीस वर्षांची योजना आंखली गेली. शेतीच्या सुधारलेल्या मुलखांत कोणतेंहि गांव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावें, असा तिचा एक हेतु होता. हैदराबाद संस्थानांत १९३२ च्या जूनमध्यें निजामाच्या रेल्वेनें २७ बसगाड्यांनिशीं सरकारी मोटारवाहतूक सुरू केली होती. म्हणजे मोटार आली, रबर आलें. पक्क्या रस्त्यापासून शेतापर्यंतची वाट मात्र काळ्या मातीचीच राहिली. त्या वाटेवरच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षें खोल होत गेल्या. चाकोरी सोडून वागूं नये असा उपदेश करणाऱ्यांनीं चिखलानें भरलेल्या चाकोरींत एकदां गाडी घालून पाहावी.

आतां हिमाकडे वळावयाचें. १९०८ त अर्नेस्ट शॅकल्टननें दक्षिण ध्रुवाकडील खंडावर पहिली मोटार नेली. समुद्रावर गोठलेल्या कठीण बर्फावर ती बरी चालली. भुसभुशीत हिमांत चाकें रुतलीं कीं निघेनात, आणि शेवटीं भिस्त तट्टांवर आणि माणसांवर ठेवावी लागली. त्यापूर्वीं चार वर्षें, १९०४ त, न्यूयॉर्क प्रांतांतील हॅरी वीड यानें टायरभोंवतीं गुंडाळावयाच्या सांखळीचें पेटंट घेतलें होतें. ती सांखळी आजहि जगभर वापरांत आहे. बर्फासाठींच घडवलेला टायर निघाला फिनलंडांत. नोकिया या गांवच्या रबराच्या कारखान्यानें १९३४ त मालमोटारीसाठीं आणि १९३६ त लहान मोटारीसाठीं हिंवाळी टायर केला. दुसऱ्याला सतराव्या शतकांतील फिन्निश घोडेस्वारांच्या नांवावरून ‘हाक्कापेलिट्टा’ असें नांव दिलें. त्या काळीं फिनलंडांतील बहुतेक रस्त्यांवरचें हिम कोणी उपसून काढीत नसे. मोटारीला सैल, खोल हिमांतून वाट काढावी लागे. सैल हिम हें पुष्कळसें पातळ चिखलासारखें वागतें, म्हणून ठळक ठोकळ्यांचा टायर तेथें उपयोगी पडला. चिखल आणि हिम यांचा टायर एकच, ही समजूत अशाच रस्त्यांवर वाढली. आणि त्या रस्त्यांपुरती ती खोटी नव्हती.

रस्ते बदलले तेव्हां ती खोटी ठरली. हिम उपसणारीं यंत्रें आलीं. रस्त्यावर उरला तो वाहनांखालीं दबून फरशीसारखा झालेला पातळ थर, आणि त्याखालीं कांचेसारखा बर्फ. येथें उंच ठोकळे कशांत घुसणार? शिवाय दोन गोष्टी विरुद्ध पडतात. पहिली रबराची. चिखलाच्या टायरचें रबर दगडगोट्यांनीं फाटूं नये म्हणून चिवट असतें. तपमान सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं साधारण रबर ताठ होऊं लागतें आणि रस्त्याच्या बारीक उंचवट्यांशीं जुळवून घेत नाहीं. हिंवाळी टायरचें रबर थंडींतहि मऊ राहील असें बनवावें लागतें. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. हिमाला सर्वांत चांगलें कोण धरतें? हिमच. मुलें हिमाचा गोळा करतात तो यामुळेंच. टायरच्या खाचेंत दाबून बसलेलें हिम रस्त्यावरच्या हिमाला चिकटतें आणि त्यामुळें पकड येते. म्हणून हिमाच्या टायरनें खाचांतलें हिम कांहीं अंशीं धरून ठेवावें लागतें, आणि चिखलाच्या टायरनें खाचांतला चिखल झटकून टाकावा लागतो. जो गुण हिमायतनगरच्या काळ्या जमिनींत टायरला तारतो तोच दबलेल्या हिमावर उपकारक ठरत नाहीं. हिंवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक फटी असतात. त्यांच्या कडा बर्फाला ओरखडतात आणि वरचें पाणी पुसून घेतात. अशा फटी पाडण्याची कल्पना जॉन साइप नांवाच्या अमेरिकनानें १९२० नंतरच्या दशकांत काढली. चिखलाच्या टायरचे मोठे ठोकळे बहुधा अखंड असतात. फटी पाडल्या तर खडकाळ वाटेवर त्यांचे तुकडे उडतील.

या भेदाची परीक्षा युद्धांत झाली. १९४१ च्या ऑक्टोबरांत मॉस्कोकडे निघालेली जर्मन फौज पावसानें झालेल्या चिखलांत अडकली. रशियन लोक या ऋतूला ‘रास्पुतित्सा’, म्हणजे रस्ते नाहींसे होण्याचा काळ, म्हणतात. नोव्हेंबरांत जमीन गोठतांच त्याच गाड्या पुन्हां चालूं लागल्या, आणि थोड्याच दिवसांत कडाक्याच्या थंडीनें त्यांचीं यंत्रें व माणसें दोन्हीं गारठलीं. चिखल आणि हिम एकामागून एक आले, आणि दोहोंनीं निरनिराळ्या रीतीनें मारलें. शांततेच्या काळांतलें उदाहरण एडमंड हिलरींचें. ते ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले ते फर्ग्युसन जातीच्या शेतकी ट्रॅक्टरांवरून. त्याच घराण्याचे ट्रॅक्टर पुढें आपल्या शेतांतहि आले. परंतु ध्रुवावर जाणाऱ्या ट्रॅक्टरांना शेतांतल्या टायरांवर सोडलें नव्हतें. चाकांभोंवतीं रणगाड्यासारखे सलग पट्टे चढवले होते.

आपल्या देशांत १९४८ च्या शरदांत हे दोन्ही प्रसंग दीड महिन्याच्या अंतरानें घडले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्यानें हैदराबाद संस्थानांत प्रवेश केला. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गाच्या वाटेनें मोठ्या रस्त्यानें निघाली, आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिन म्हणून पाळला जातो. सप्टेंबरांत काळ्या रानांत काय स्थिति असते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या पक्क्या रस्त्याची किंमत सांगावी लागणार नाहीं. पुढें १ नोव्हेंबरला काश्मीरांत सातव्या लाईट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारें ११,५०० फूट उंचीच्या झोजी ला खिंडींतून पुढें गेले. जनरल थिमय्या त्या मोहिमेचे प्रमुख होते, आणि खेंचरांची वाट रणगाड्यांजोगी रुंद करण्याचें काम मद्रास सॅपर्सच्या जवानांनीं केलें. एवढ्या उंचीवर रणगाडे पूर्वीं कोठें लढले नव्हते. ज्या रस्त्यानें ते गेले त्यावरून आज मालमोटारी लडाखला जातात. हिम पडूं लागलें कीं चालक चाकांना लोखंडी सांखळ्या घालतात, मग टायर कितीहि नवा असो.

त्या दोन अक्षरांबद्दल एवढें सांगितलें पाहिजे कीं तीं मुळांत कोणत्याहि परीक्षेवरून दिलेलीं नव्हतीं. खाचांची मांडणी मोकळी असली कीं टायर चिखल-हिमाचा म्हणून छापावा, अशी रीत अमेरिकेंत पडली. हिमावर प्रत्यक्ष चाचणी घेऊन उतरलेल्या टायरला तीन शिखरांच्या डोंगरांत हिमकण असें चित्र द्यावें, अशी पद्धत १९९९ त सुरू झाली. जर्मनीनें १ ऑक्टोबर २०२४ पासून हिंवाळी रस्त्यांवर केवळ दोन अक्षरांचा टायर अमान्य केला, चित्र हवेंच. चिखलाच्या टायरांपैकीं पुष्कळांवर तीं अक्षरें अजून आहेत, आणि हिमाच्छादित घाटांत सहलीस जाणारी हौशी मंडळी त्यांवर विश्वासतात. टायर उंच ठोकळ्यांचा आहे म्हणून गाडी थांबेलहि लौकर, ही समजूत सर्वांत घातक. सैल हिमांतून पुढें जाणें निराळें आणि घट्ट हिमाच्या उतारावर थांबणें निराळें.

हिमायतनगरच्या टापूंत प्रश्न थांबण्याचा नाहीं, निघण्याचाच आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ त शेत व पाणंद रस्त्यांसाठीं ‘मातोश्री ग्रामसमृद्धि’ नांवाची योजना काढली. तिच्यांत गांवापासून शेतापर्यंतच्या वाटा खडी-मुरुम घालून पक्क्या करावयाच्या आहेत. मुरुम कांहीं नवा नाहीं. काळ्या मातीखालीं कांहीं फुटांवर तो आहेच, आणि चिखलाचा टायर जीव तोडून फिरतो तो त्या तळापर्यंत पोंचण्यासाठींच. जेथें वाट झाली तेथें हळद, कापूस आणि सोयाबीन पावसांतहि बाहेर येतात. जेथें झालेली नाहीं त्या वस्तीवर आषाढांत रुग्णवाहिका डांबरी सडकेवरच उभी राहते, आणि तेथपर्यंतची वाट बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून, नाहीं तर चौघांच्या खांद्यांवरच्या बाजेवरून काढते.